गुळाची चिठ्ठी

माझ्या ट्रंकेच्या तळाशी एक पातळसं इंग्रजी पुस्तक आहे. इंग्रजांनी इकडून, संस्कृतातून आणि आपल्या इतर भाषांतून, नेलेल्या शब्दांची ती यादी आहे. विलायतेत छापलेली. प्रस्तावनेत लेखकाने आपल्या मुन्शीचे आभार मानले आहेत आणि असा व्यासंग नेटिवांत क्वचित आढळतो, असं लिहिलं आहे. तो मुन्शी मी. व्यासंग माझा नव्हता. एवढं वाक्य चारचौघांसाठी लिहायला मला पंचवीसेक वर्षं लागली, तेव्हा पुढचं जरा सावकाश आलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

जर्मनीशी झालेली पहिली मोठी लढाई संपली तेव्हा मी बेळगावात कॅम्पात मुन्शीगिरी करत होतो. पलटणीत नव्याने आलेल्या साहेबाला मराठीची परीक्षा द्यावी लागे. ती होईपर्यंत मी रोज सकाळी एकेका बंगल्यावर जाऊन 'घोडा पाणी पितो', 'तुझे गाव कोणते' अशी वाक्यं घोटून घेत असे. या कामाला अक्कल फारशी लागत नव्हती, कोट मात्र स्वच्छ लागे. मुन्शीला बसायला स्टूल असे. खुर्ची नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण मी गेलो त्या प्रत्येक बंगल्यात स्टूलच होतं.

त्यातला एक साहेब कोठारावरचा होता. चाळिशी ओलांडलेला, एका पायाने अधू, मराठीची परीक्षा केव्हाच पास झालेला. दिवसभर पोती आणि ताडपत्र्या तपासून झाल्या की तो घरी येऊन शब्द गोळा करी. ग्रीक, अरबी, पोर्तुगीज इथपर्यंतचा माग तो स्वतः काढी. शब्द आपल्या देशात शिरला की त्याला वाट सापडत नसे. तिथून पुढे मुन्शी.

पहिला शब्द होता जिंजर. माझी आल्याची ओळख चहापुरती होती. उद्या सांगतो म्हणालो नाही, सोमवारी सांगतो म्हणालो, कारण त्या दिवशी शनिवार होता आणि मला बोरगावला जायला वेळ मिळणार होता.

बोरगावला आप्पा होते. माझं लहानपण निपाणीत गेलं. वडील तंबाखूच्या वखारीत तोलाईला होते. तिथल्या शाळेत आप्पांनी मला चार यत्ता शिकवल्या. पुढे नोकरी सोडून ते बोरगावला आपल्या उसाच्या शेतावर जाऊन राहिले. जैन माणूस. घरात कानडी, दारात मराठी, आणि पोथ्यांमुळे संस्कृत आणि प्राकृत. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. मी सर्व्हिस मोटारीने निपाणी आणि पुढे बैलगाडीने बोरगाव गाठलं. आप्पा पडवीत सुतळी वळत बसले होते. साहेबाला आल्याच्या इंग्रजी शब्दाचं मूळ हवं आहे, असं मी त्यांना सांगितलं.

"म्हण बघू," ते म्हणाले. मी जिंजर म्हटलं. त्यांनी ते तीनदा म्हणायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"शृंगवेर. प्राकृतात सिंगवेर," ते म्हणाले. मग सुतळीला पीळ देत, "पर शृंग म्हंजे शिंग, हे पंडितांस्नी मागनं दिसलं असंल. तमिळ मुलखात इंजी म्हणत्यात. आधी इंजी असंल, मग त्याला शिंग फुटलं. मला असं वाटतं. वाटतं म्हणून लिही रं, हाय म्हणून लिहू नको."

सोमवारी मी हे सगळं साहेबाला सांगितलं. 'वाटतं' तेवढं गाळलं. साहेब उभा राहिला, त्याने माझा हात हातात घेऊन हलवला आणि विचारलं की हे तुला कसं ठाऊक. उत्तर सोपं होतं. बोरगावला माझे गुरुजी आहेत, एवढंच. मी म्हणालो, "वाचनात आलं होतं."

साहेबाने बटलरला हाक मारून खुर्ची मागवली.

पुढे दोन वर्षं मी खुर्चीवर बसलो. महिन्यातून दोनदा बोरगावला जायचं, आप्पांकडून घ्यायचं, आणि सोमवारी साहेबाला द्यायचं. टपाल्याचं काम, पण टपाल्या पत्रावर आपलं नाव घालत नाही.

आप्पांची रीत अशी होती की शब्दाआधी माल विचारायचा. "शब्द एकटा जात न्हाय. पोत्याबरोबर जातो. पोतं कसलं, कुठल्या बंदरातनं गेलं, ते विचार तुझ्या साहेबाला." साहेब कोठारावरचा असल्याने त्याला हे फार पटे. ते माझं म्हणून पटे. सुपारीचा अरेका हा शब्द कानडी अडिकेतून गेला, खडीसाखरेचा कँडी खंडातून, संत्र्याचा ऑरेंज नारिंगातून. मदर, डोअर असे शब्द साहेबाने एकदा यादीत घातले तेव्हा आप्पांनी माता, द्वार म्हणून मान डोलावली आणि लगेच ती थांबवली. "हे उसनं न्हेलेलं न्हाय. ही भाऊबंदकी. लई मागं एका घरात हुते, मग वाटण्या झाल्या. काढ ते यादीतनं." मी काढायला सांगितलं. साहेब म्हणाला, युरोपातले मोठे पंडित हेच म्हणतात, तू त्यांना वाचलं आहेस का? मी म्हणालो, थोडंसं.

आप्पांचा जीव सगळ्यात जास्त जडला तो शर्करेवर. त्यांच्या उसाचाच शब्द. एका वाटेने तो अरबांकडून फिरत फिरत गेला आणि त्याचं शुगर झालं. दुसऱ्या वाटेने तो आपल्या खालच्या किनाऱ्यावर मल्याळी लोकांच्या तोंडी बदलला, पोर्तुगिजांच्या गलबतात चढला आणि त्याचं जॅगरी झालं, म्हणजे गूळ. पुढची अर्धी वाट साहेबाने सांगितली होती, मागची अर्धी आप्पांनी. दोघांची गाठ मधे, माझ्यापाशी पडली. आप्पा ते दोन इंग्रजी शब्द शिकले आणि जाता-येता म्हणून बघत. "एकाच आईची दोन पोरं, आणि विलायतेत एकमेकांस्नी वळखत न्हाईत," असं म्हणून हसायचे.

काही शब्दांना मात्र ते सरळ "ठाऊक न्हाय" म्हणत. मुंगसाचं विचारलं तेव्हा म्हणाले, मराठीत मुंगूस, कानडीत मुंगुसी, तेलुगूतही तसंच काहीतरी. कुणी कुणाचं घेतलं ठाऊक न्हाय. पण खुर्चीवर बसून ठाऊक नाही म्हणता येत नाही. मी साहेबाला सांगितलं, अस्सल मराठी. व्हरांडा, बांबू, अशा बऱ्याच ठिकाणी मी पदरचं घातलं. संध्याकाळी वाचनालयात जमणारी आमची संस्कृताभिमानी मंडळी खूश होईल असं संस्कृत मूळ सापडलं तर ते, नाहीतर मनाला येईल ते.

आप्पांना साहेबाला एकदा भेटायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं. "दोन घटका समोरासमोर बसू. त्यालाबी विचारायचं असंल, मलाबी हाय." मी म्हणे, साहेब आजारी आहे. मग साहेब महाबळेश्वरी गेला. मग साहेब चांदमारीवर नेमबाजीला होता. दोन वर्षांत मी त्या साहेबाला इतक्या ठिकाणी पाठवलं की त्याचा अधू पाय मला आठवायला हवा होता.

शेवटी साहेबाची विलायतेला परत जायची वेळ आली. हे मी आप्पांना कळवलं नाही, पण निपाणीच्या बाजारात कुणीतरी कळवलं. एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, मी बंगल्यावरच असताना, ते पायऱ्यांशी येऊन उभे राहिले. नवा फेटा, पांढरं उपरणं, आणि डोक्यावर उसाच्या पाल्यात बांधलेली गुळाची ढेप. एवढी वाट ती ढेप त्यांनी कुणाच्या हाती दिली नव्हती.

साहेब व्हरांड्यात आला आणि मला इंग्रजीत विचारलं, हा कोण?

मी इंग्रजीत म्हणालो, "गूळवाला."

त्यातला जॅगरी हा शब्द आप्पांच्या कानावर पडला. त्यांचा चेहरा खुलला. मी त्यांच्या शोधाबद्दल बोलतो आहे असं त्यांना वाटलं असणार. ते ढेपेवर हात ठेवून म्हणाले, "शर्करा." मग विलायतेकडे म्हणून जो हात केला तो खानापूरकडे गेला. "शुगर. जॅगरी. दोन्ही शर्करा."

साहेब चकित झाला. याला हे कसं ठाऊक, असं त्याने मला इंग्रजीतच विचारलं.

मीही इंग्रजीतच सांगितलं, "मी शिकवलं, सर."

हे वाक्य मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

साहेब मोठ्याने हसला. माझ्या मुन्शीचे दुकानदारसुद्धा विद्वान होतात, म्हणाला. त्याने पैसे पुढे केले, आप्पांनी हात जोडून नाही म्हटलं. तेव्हा त्याने चिठ्ठी लिहून दिली आणि आप्पा काही विचारायच्या आत तो सामान बांधायला निघून गेला. कॅम्पात ही पद्धतच होती. साहेब बदलून जायला निघाला की खानसामा, धोबी, अंडीवाला, मुन्शी, सगळ्यांना तो एकेक चिठ्ठी देई, अमुक माणूस चांगला आहे म्हणून. ती जपून ठेवायची आणि पुढच्या साहेबाला दाखवायची. चिठ्ठी हा शब्दही इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललेला. तो यादीत होता.

परत जाताना चर्चच्या भिंतीच्या सावलीत आप्पा थांबले. "वाच," म्हणाले.

चिठ्ठीत असं होतं: या माणसाने मला गूळ पुरवला. गूळ स्वच्छ असून त्यात वाळू नाही. माणूस अदबशीर आहे.

मी वाचलं: "या विद्वान गृहस्थांच्या साहाय्याशिवाय माझा ग्रंथ सिद्धीस गेला नसता. त्यांचे ज्ञान अगाध आहे. आंग्ल भाषा त्यांची ऋणी राहील."

आप्पा म्हणाले, "भाषा कशी ऋणी ऱ्हाईल? साहेब ऱ्हाईल." पण चिठ्ठीची नीट घडी घालून त्यांनी ती फेट्यात खोचली. मी त्यांना मोटारीत बसवून दिलं. मागाहून कळलं की त्यांनी ती काचेच्या चौकटीत बसवून पडवीत लावली आहे.

पुस्तक दुसऱ्या वर्षी टपालाने आलं. मी ते ट्रंकेत ठेवलं आणि बोरगावला जाणं कमी केलं. आप्पांनी दोनदा निरोप पाठवला, छापून झालं काय म्हणून. मी कळवलं, विलायतेत फार वेळ लागतो. असा तेरा-चौदा वर्षं वेळ लागला.

मग एके दिवशी दुपारी आप्पांची धाकटी सून माझ्या घरी आली. नवीनच लग्न झालेलं. मुलगी बेळगावातली, कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत शिकलेली, माहेरपणाला आली होती. माझ्या बायकोने पाणी दिलं, ते ती प्यायली आणि माझ्याकडे वळली.

"अण्णा, ती चिठ्ठी आप्पांस्नी तुम्ही वाचून दाखवलीत न्हवं?"

मी हो म्हणालो.

"परवा पाव्हणे आलते. आप्पा म्हणाले, सून इंग्रजी शिकलीय, ती वाचंल. मी चौकट हातात घेतली आणि डोळ्यात कायतरी गेलं म्हणून आत पळाले." तिने रिकामं भांडं बाजूला ठेवलं. "पुढल्या अमावस्येला परत पाव्हणे हायत. तुम्ही काय वाचलं हुतं तेवढं मला सांगा. मी पाठ करते."

मी आठवू लागलो. ऋणी एवढं आठवलं, मागचं काही केल्या जुळेना. तसं मी तिला सांगितलं. वर ते पुरं दिलं आहे ते मागाहून आप्पांकडूनच घेतलेलं.

"तुम्हाला आठवत न्हाय व्हय," ती म्हणाली. "आप्पांस्नी शब्द न् शब्द पाठ हाय. गावालाबी हाय. एक शब्द हिकडचा तिकडं झाला तर ते धरतील." नंतर पदर सावरत म्हणाली, "बरं, ह्या खेपेला मी वाचीन. उद्या मला पोरं हुतील, ती इंग्रजी शिकतील. त्यास्नीबी पाठ करायला लावू काय?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच विचारायचं होतं.

येत्या रविवारी येतो, असं मी तिला सांगितलं. ट्रंकेतून पुस्तक काढलं आणि गेलो.

आप्पा सत्तरीच्या पुढे गेले होते. मी पडवीत त्यांच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं, वाचनात आलं होतं इथपासून. सून दाराशी उभी होती. मी थांबल्यावर आप्पांनी चौकट उतरवायला लावली आणि सुनेला म्हणाले, आहे तसं सांग. तिने सांगितलं.

"वाळू नव्हतीच," आप्पा म्हणाले.

मग माझ्याकडे वळले. "मला शिकवलं म्हणून सांगितलंस?"

"व्हय."

"काय शिकवलंस?"

ते उत्तराची वाट पाहत बसले. शाळेतही ते असेच बसत. उत्तर येत नाही हे त्यांना कळलेलं असे, तरी पुढच्या मुलाकडे जात नसत. तिथे माझ्यानंतर दुसरा मुलगा नव्हता. शेवटी ते म्हणाले, "पुस्तक काढ."

मी शब्द वाचायचा, त्यापुढचा मजकूर मराठीत सांगायचा, आणि त्यांनी मान हलवायची, असं सुरू झालं. जिंजरपाशी ते म्हणाले, "वाटतं कुठं गेलं?" मुंगसापाशी थांबवून म्हणाले, "हे मी सांगितल्यालं न्हाय." व्हरांड्यापाशी तेच. सुनेने दौत-टाक आणलं. जिथे जिथे मी पदरचं घातलं होतं तिथे समासात 'ठाऊक नाही' असं लिहायचं, असा त्यांचा हुकूम. बारा ठिकाणी लिहावं लागलं, आणि जिंजरपाशी 'वाटते' असं. शर्करेची नोंद त्यांनी दोनदा ऐकली. ती जशीच्या तशी होती.

सगळं संपल्यावर मी म्हटलं, "आप्पा, प्रस्तावनेत माझ्या उल्लेखावर काट मारतो. तुमचं नाव घालतो."

"बारा चुका हायत की त्यात," ते म्हणाले. "माझं नाव नको."

मी म्हटलं, चुका माझ्या आहेत.

"व्हय. मग तूच ऱ्हा."

नाव घालायचं नाही म्हणजे नाही. इथेही मी त्यांचं खरं नाव घातलेलं नाही, नुसतं आप्पा म्हटलं आहे, ते याच कारणाने. ही चूक तेरावी होऊ नये.

मग त्यांनी साहेबाला पत्र लिहायला सांगितलं. मला नाही, सुनेला. आप्पा मराठीत सांगत, ती इंग्रजी करी, आणि अडलेल्या शब्दाचं स्पेलिंग मी सांगे. एवढंच काम मला दिलं होतं. पत्रात माझ्याबद्दल एक ओळ होती, की माहिती आणणाऱ्याने काही ठिकाणी आपल्या मनची भर घातली. त्यापुढे बारा शब्दांची दुरुस्ती. आणि शेवटी तीन प्रश्न, जे आप्पांना दोन वर्षं साहेबाला समोरासमोर विचारायचे होते. एक प्रश्न बांबूबद्दल होता. बाकीचे दोन मला नीट कळले नाहीत.

पत्रावर परतीचा पत्ता माझा होता, कारण बोरगावपर्यंत विलायतेचं टपाल धड येईल असं कुणालाच वाटलं नाही. पाच महिन्यांनी उत्तर आलं. साहेबाच्या बहिणीचं. मी ते फोडून वाचलं आणि त्याच शनिवारी मोटारीत बसलो.

इथेही खरं सांगायला हवं. बेळगाव सुटलं तशी माझ्या डोक्यात दुसरं उत्तर जुळायला लागलं. साहेब दुरुस्त्यांबद्दल आभारी आहे, दुसरी आवृत्ती निघेल, प्रश्नांची उत्तरं सवडीने कळवतो. निपाणी येईपर्यंत ते पुरं झालं होतं, आणि चिठ्ठीच्या वेळच्या मजकुरापेक्षा चांगलं झालं होतं. म्हातारपणी माणसाला एवढं समाधान द्यायला काय हरकत आहे, असंही मनात येऊन गेलं.

आप्पांना आता दिसत नव्हतं फारसं. मी त्यांच्या जवळ बसलो, पत्र उघडलं आणि होतं तसं सांगितलं. साहेब दोन वर्षांपूर्वी वारला. पुस्तकाच्या फारशा प्रती खपल्या नाहीत. उरलेल्या माळ्यावर पडून आहेत. भावाच्या त्या छंदाबद्दल हिंदुस्थानातून कुणी पत्र लिहील असं बहिणीला वाटलं नव्हतं. प्रश्नांची उत्तरं द्यायला तिच्या माहितीत कुणी नाही.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग हात पुढे करून माझ्याकडून कागद घेतला आणि सुनेच्या दिशेने धरला.

"तू वाच."

तिने सुरुवातीपासून सही-तारखेपर्यंत वाचलं, वाक्यागणिक मराठी करत. मी समोर बसून होतो. वाचून झाल्यावर आप्पांनी तिच्याकडे मान वळवली.

"जुळतंय," ती म्हणाली.

"बरं," आप्पा म्हणाले.